शेषरावांची पहिली भाषा

शेषराव एसटीतून निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि एक जण म्हणाला, "साहेब, आता टाइमटेबलची कटकट सुटली तुमची." शेषराव हसले. पण बत्तीस वर्षं, त्यातली एकोणीस अकोल्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून, कोणती गाडी केव्हा सुटेल आणि कोणत्या ड्रायव्हरला कोणती ड्युटी, याशिवाय ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याची ती कटकट शालीवर सुटत नाही. बोरखेडीला, म्हणजे चांदूर बाजारपासून आठ किलोमीटरवरच्या आपल्या गावी, ते वच्छलाबाईंना घेऊन राहायला आले आणि महिन्याच्या आत त्यांच्या हाती नवं टाइमटेबल आलं. ते विहिरीचं होतं.

विहीर आठ घरांची सामाईक. रोज एका घराची बारी, आठ दिवस झाले की पुन्हा पहिल्याची. ऐकायला सोपं. पण शेतीची लाईन, म्हणजे वीज, मधूनच जायची. ज्याच्या बारीला लाईन गेली त्याचा दिवस बुडायचा. मग त्याने उद्या पाणी घ्यायचं, उद्याच्याने परवा. महिन्यात असं तीन-चारदा झालं की कोणाची बारी कुठे सरकली हे कोणालाच सांगता येत नसे. मोठी भांडणं नव्हती. पण सकाळी मोटारीच्या खोलीपाशी दोन माणसं उभी असायची आणि दोघांचाही हात बटणाकडे जायचा.

शेषरावांनी पट्टी घेऊन तक्ता आखला. चौथ्या दिवशी लाईन गेली. खोडून पुन्हा लिहिला. पुढच्या आठवड्यात दोनदा गेली. कागदाला भोक पडलं तेव्हा त्यांनी पुण्याला मुलाला, जीवनला, फोन लावला.

"काऊन रे, हे कंप्युटरले सांगता येत नाई का? एक दिवस बुडाला असं सांगतलं, की पुढचं सारं त्यानंच सरकवाचं."

"येते ना बाबा. मीच बनवून पाठवतो ना, दहा मिनिटाचं काम हाये."

"तू नको पाठवू. उद्या काही बदल करा लागला तं मी तुले पुण्याले फोन करत बसू का? मले शिकाचं हाये."

जीवन म्हणाला, "मंग प्रोग्रामिंगची एखादी भाषा शिका लागन. जावा शिका. आमच्या कंपनीत सारं त्याच्यातच चालते." आणि दिवाळीला आला तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप वडिलांसाठी ठेवून दिला.

जीवन सांगतो ते खरंच असेल, पण एकाच माणसाचं ऐकून गाडी सोडायची शेषरावांना सवय नव्हती. ते अमरावतीला गेले. एका क्लासच्या सरांनी सांगितलं, "काका, पहिले सी. पाया पक्का झाला की बाकी सारं सोपं जातं." शेषराव आठ दिवस रोज बसने क्लासला गेले. बाकीची पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. आठ दिवसांत कंप्युटरचा इतिहास झाला, चौकोन आणि बाणांच्या आकृत्या झाल्या, पण लॅपटॉपवर एक अक्षर उमटलं नाही. नवव्या दिवशी ते गेले नाहीत. मग मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागले. एक पोरगा म्हणायचा, आज जगात जावास्क्रिप्टशिवाय गत्यंतर नाही. दुसरा म्हणायचा, जावास्क्रिप्टने सुरुवात केली की डोकं बिघडतं. तिसऱ्याने कोणत्यातरी नव्याच भाषेचं नाव घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत बाकीच्या सगळ्या मरणार असं सांगितलं.

शेषरावांनी जे येत होतं ते केलं. मोठा कागद घेतला आणि तक्ता आखला. भाषेचं नाव, तिचं वय, सोपी की अवघड, कोण शिफारस करतो, कोण नावं ठेवतो. पंधरा दिवसांत अकरा भाषा झाल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर लागला, कागदाला मागून दुसरा कागद चिकटवावा लागला.

वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं. "दोन महिने झाले. अजून एकही पसंत नाई पडली? तुमी भाषा पाहून राह्यले का जीवनसाठी पोरगी?"

"चुकीची निवडली तं वर्ष वाया जाईन ना."

"आता हे दोन महिने कामी लागले का मंग?"

वच्छलाबाईंनीच पुढे सांगितलं, "पार्बतावैनीची सून हाये ना, रागिणी. अकोल्याची. कंप्युटरचंच शिकली म्हनतात. तिले काहून नाई इचारत?"

रागिणीला शेषराव ओळखत होते, म्हणजे रोज सकाळी मेथीच्या जुड्या बांधताना पाहत होते. तिचा नवरा शुभम भाजीपाल्याचं करायचा. विहिरीच्या आठ घरांत त्यांचंही घर होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ती बीसीए झालेली आहे आणि लग्नाआधी अकोल्यात वर्षभर एका ऑफिसात हेच काम करत होती, हे शेषरावांना त्या दिवशी कळलं.

ते तिच्या घरी गेले. पार्बताबाई ओट्यावर होत्या. शेषरावांनी आपलं काम सांगितलं. पार्बताबाईंनी ऐकून घेतलं, सुनेकडे पाहिलं, पुन्हा शेषरावांकडे पाहिलं.

"शिकवन ते. पण अठीच ओट्यावर बसा. अन् दुपारी तीनच्या मांगून, भाजी निसून झाली की. मी बी बसतो."

"वैनी, तुमी बी शिकता का?"

"मले काय कराचं? मी नुसती बसतो."

शेषरावांनी तक्त्याचा लांबलचक कागद ओट्यावर पसरला. रागिणी पदर सावरून खाली वाकली आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"काकाजी, इतके वर्षं तुमच्या हाताखाली ड्रायव्हर होते. कोन पहिल्यांदा कोनत्या गाडीवर शिकला, हे तुमी कधी इचारलं का?"

"त्याचं काय काम? गाडी चालवता येते का नाई, येवढंच."

"मंग झालं. एक भाषा आली की दुसरी सहा महिन्यात येते. आपन पायथॉन घेऊ."

शेषरावांनी कागदावर पायथॉन शोधलं. सातव्या ओळीवर होतं. "सोपी हाये म्हून?"

"सोपी हाये, लिहाले कमी लागते. पन खरं सांगू का? मले येते म्हून. तुमी अडले तं मी दोन घरं सोडून हाये. बाकीच्या दहा भाषेवाले तुमाले कुठी भेटतीन?"

शेषरावांनी कागदाची घडी घातली. दोन महिन्यांत अकरा भाषांबद्दल त्यांनी जेवढं वाचलं होतं, त्यात हे कोणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ओट्यावर लॅपटॉप उघडला. शेषराव एका बोटाने टंकायचे आणि प्रत्येक अक्षराआधी बोट हवेत फिरवायचे. रागिणीने सांगितलं, प्रिंट लिहा, कंस करा, आत तुमचं नाव लिहा. त्यांनी लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरांत चार ओळी इंग्रजी आलं.

"बिघडलं का?" शेषरावांनी हात मागे घेतला.

"काई बिघडत नाई काकाजी. सारं वाचू नका. शेवटची ओळ तेवढी वाचा."

शेषरावांनी चष्मा लावून वाचलं. त्यात त्यांचं नाव होतं. पुढे इंग्रजीत लिहिलं होतं, नॉट डिफाइन्ड.

"ते म्हनते, शेषराव म्हंजे कोन हे मले कोनी सांगतलंच नाई."

पार्बताबाई कोपऱ्यातून मोठ्याने हसल्या. "माय वो! अमरावती, अकोला, परतवाडा, साऱ्या लाईनवर वयखतात, अन् ह्या डब्याले माहीत नाई!"

शेषरावही हसले. रागिणीने नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं टाकायला लावली. मग पडद्यावर निळ्या अक्षरांत आलं, शेषराव. एवढंच. त्यांनी ते मागे टेकून पाहिलं, मग स्वतःच्या मनाने नाव पुसून 'वच्छला' लिहिलं, आणि तेही उमटलं. त्या दिवशी आणखी काही झालं नाही. पण घरी जाताना त्यांची चाल बदलली होती, हे वच्छलाबाईंनी फाटकातूनच ओळखलं.

पुढचे वीस-बावीस दिवस असेच गेले. कधी अपूर्णविराम राहायचा, कधी ओळ चार जागा आत घ्यायची राहायची, आणि लाल अक्षरं यायची. सुरुवातीला शेषरावांना ती साहेबाने काढलेल्या मेमोसारखी वाटायची. मग कळलं की यात राग नाही; कुठे अडलं ते हे शांतपणे सांगतं, ओळीच्या नंबरासकट. असा साहेब त्यांना नोकरीत भेटला नव्हता. रागिणी स्वतः कीबोर्डला हात लावत नसे. ती शेजारी बसून हातातलं काम करायची आणि म्हणायची, "वाचा, ते काय म्हनते ते." हळूहळू तिचाही आवाज मोकळा झाला. अकोल्याच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगायची. एकदा तिने एका दवाखान्यासाठी नंबर लावायचं काम केलं होतं, ते सांगताना हातातली जुडी तशीच राहिली. पार्बताबाईंनी ती उचलून बांधली.

जानेवारीत आठ नावांची यादी झाली, तारखा आल्या. संक्रांतीसाठी रागिणी चार दिवस अकोल्याला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "काकाजी, यादीतून एकएक नाव काढून तारखेसमोर लिहाचं येवढंच राह्यलं. करून पाहा. मी आली की मंग पाहू."

शेषरावांनी ते दोन दिवसांत केलं. लाल अक्षर एकही नाही. पडद्यावर ओळीने तारीख आणि नाव, तारीख आणि नाव. वच्छलाबाईंना दाखवलं. मग रागिणीची वाट पाहायला हवी होती, पण त्यांना धीर निघाला नाही. चांदूर बाजारला जाऊन त्यांनी कागद छापून आणला आणि संध्याकाळी मोटारीच्या खोलीच्या दारावर चिकटवला. रविवार होता. बाऱ्या सोमवारपासून.

सोमवारी सकाळी सातला खुशालराव अंगणात उभे. खुशालराव शेषरावांचे चुलत भाऊ, वयाने तीन वर्षं मोठे आणि आवाजाने बरेच मोठे.

"शेषराव! माह्यं नाव काहून नाई बे?"

शेषराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काय झालं?"

"काय झालं म्हनते! आज माह्यी बारी. महिन्याभरापासून पानी तोडून संत्र्याले तान देऊन ठेवला, आज पयलं पानी सोडाचं होतं. मी गेलो तं भागीरथाबाईच्या वावरात पानी चालू. ते म्हने कागदावर माह्यं नाव हाये. म्या सारा कागद वाचला, माह्यं नावच नाई! ना आज, ना उद्या, ना बुधवारी, ना शनवारी!"

"असं कसं होईन? कंप्युटर चुकत नाई."

"मंग मी चुकलो का? का माहा जलमच चुकला?"

आवाज ऐकून पार्बताबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, नावं वाचा बरं एकएक."

शेषरावांनी खिशातली त्या कागदाची दुसरी प्रत काढून वाचायला सुरुवात केली. पार्बताबाई बोटाच्या पेरांवर अंगठा सरकवत गेल्या. भागीरथा, शेषराव, शुभम... नावं संपली, पुढच्या तारखेला पुन्हा भागीरथा आली आणि त्यांनी अंगठा थांबवला.

"सात झाले. इहिरीले घरं आठ."

शेषरावांचे कान तापले. तारखा त्यांनी तीनदा तपासल्या होत्या, वार तपासले होते, नावांचं शुद्धलेखन तपासलं होतं. मोजलं मात्र नव्हतं. लाल अक्षर आलं नाही म्हणजे सगळं बरोबर, असं धरून चालले होते. एकोणीस वर्षं अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी एकही गाडी अशी गाळली नव्हती.

"खुशालभाऊ, चूक माह्यी हाये," ते म्हणाले. "कंप्युटरची नाई. उद्या माह्यी बारी लिहिली हाये, ते तुमी घ्या. संत्र्याले एका दिवसानं फरक पडते का?"

खुशालराव थोडे मऊ झाले. "एका दिवसानं नाई पडत. पन नाव पाहिजे." आणि ते गेले.

कागद फाडून आणायला शेषराव स्वतः विहिरीवर गेले. घरी येऊन लॅपटॉप उघडला. रागिणीला फोन लावावा असं वाटलं. मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. हळदीकुंकवाच्या गडबडीत असेल पोर. शिवाय फोन करून उत्तर आलं असतं, पण उद्या दुसरं अडलं असतं तर?

यादीत खुशालराव होते. सगळ्यात वर, पहिलं नाव. मग छापताना कुठे गेले? शेषरावांनी आधी सोपा उपाय केला, यादीच्या शेवटी खुशालरावांचं नाव आणखी एकदा लिहिलं आणि चालवून पाहिलं. तरीही सातच नावं आली. त्यांना स्वतःचंच हसू आलं. हे तर ज्या ड्रायव्हरची ड्युटी लागत नाही त्याला दोनदा सही करायला लावण्यासारखं झालं. ते नाव पुसलं. मग रागिणी म्हणायची ते आठवलं, ते काय म्हणतं ते वाचा. पण आता ते काही म्हणतच नव्हतं. म्हणजे त्याच्याकडून वदवून घ्यायला हवं. त्यांनी प्रत्येक नावाच्या आधी त्याचा नंबर छापायला लावला.

एक, भागीरथा. दोन, शेषराव. असं करत सात.

शेषराव बराच वेळ त्या पहिल्या ओळीकडे पाहत राहिले. यादीत भागीरथाबाई दुसऱ्या. कंप्युटर त्यांना एक म्हणतो. आणि 'एक ते आठ' असं लिहिलं होतं, तरी तो सातावरच थांबला होता. म्हणजे शेवटचा आकडा तो घेत नाही, आठ दिसलं की अलीकडेच उतरतो. आणि भागीरथाबाई एक नंबरवर असतील, तर त्यांच्या आधी...

त्यांनी एका बोटाने शून्य टंकलं.

शून्य, खुशालराव.

"वच्छला!" त्यांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की वच्छलाबाई पोळी तव्यावर टाकून आल्या. "सापडले खुशालभाऊ! हे शून्यापासून मोजते!"

"शून्यापासून कोन मोजते?" वच्छलाबाई म्हणाल्या आणि जळक्या वासाने परत फिरल्या.

दुपारी नवा कागद दारावर लागला. या वेळी शेषरावांनी तो आधी पार्बताबाईंना वाचून दाखवला. अंगठा आठव्या पेरावर थांबला तेव्हाच ते विहिरीकडे निघाले. मंगळवारी खुशालरावांच्या संत्र्याला पाणी मिळालं.

रागिणी दोन दिवसांनी परत आली. शेषरावांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने कपाळाला हात लावला. "शून्याचं सांगाचं माह्यं राहूनच गेलं काकाजी. कालेजात पहिल्या महिन्यात आमचं साऱ्यायचं असंच झालं होतं." मग तिने पडद्यावरच्या ओळी खाली-वर करून पाहिल्या. नंबर छापण्याची ओळ शेषरावांनी काढली नव्हती. "हे नंबर पाहाची युक्ती तुमाले कोनी सांगतली?"

"कोनी नाई. मुकं झालं होतं, म्हून बोलतं केलं."

रागिणीला ते फार आवडलं हे दिसत होतं.

बुडालेल्या दिवसाचं काम त्यांनी मग दोघांनी मिळून केलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लाईन सलग दोन दिवस गेली. शेषरावांनी दोन तारखा टाकल्या, सगळ्या बाऱ्या दोन दिवस पुढे सरकल्या, आणि त्यांनी नवा कागद लावला. त्या संध्याकाळी ते उगाच अंगणात खुर्ची टाकून बसले, कोणी काही विचारायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. अंधार पडल्यावर वच्छलाबाईंनी खुर्ची आत घ्यायला लावली.

काही दिवसांनी शेषराव तीन वाजता ओट्यावर गेले तेव्हा रागिणीसमोर दुसराच लॅपटॉप होता. तिचा स्वतःचा, लग्नात आलेल्या पेटीत खाली, साड्यांच्या तळाशी दोन वर्षं पडून होता. चार्जर मात्र अकोल्याहून नवा आणावा लागला होता. तिच्या जुन्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं, घरून थोडं काम करशील का. रागिणीने अजून हो म्हटलं नव्हतं.

"दिवसाले दोन-तीन तास तरी लागतीन," ती शेषरावांना हळू आवाजात म्हणाली. "भाजीचं कसं होईन, हेच पाहून राह्यली."

पार्बताबाई कोपऱ्यात पालक निसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यात काय पाहाचं? दोन वाजल्यापासून पाचपर्यंत भाजी माह्याकडे," त्या म्हणाल्या. "तू अठी ओट्यावर नको बसू, लोकं येऊन बोलत बसतात. आतल्या खोलीत बस. अन् भाऊजी, तुमी रोज नका येऊ आता. मंगळवारी अन् शनवारी या."

"बरोबर हाये वैनी," शेषराव म्हणाले.

रागिणीने सासूकडे पाहिलं. मग लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि आत गेली. शेषरावांनी आपला लॅपटॉप उघडला, तो शनिवारच होता, आणि पार्बताबाईंच्या शेजारी बसून एका बोटाने टंकायला लागले.